पॉकेट होल जिग : कशासाठी घ्यावा आणि कुठे वापरू नये

आधी निकाल सांगते. घरच्या घरी कपाटं, मांडण्या, खणांचे खोके करणाऱ्या माणसाने पॉकेट होल जिग जरूर घ्यावा. खुर्ची करायची असेल किंवा अस्सल लाकडाच्या टेबलाचा माथा बसवायचा असेल, तर तो बाजूला ठेवावा. मी तो बराच काळ वापरते आहे. मांडण्या, कपाटांच्या तोंडाच्या चौकटी, भिंतीलगतचा एक लांबलचक बाक, असं बरंच काम त्याच्यावर झालंय. शिवाय मी ज्यांना माझी कामं दाखवते त्यांत हौशी माणसं आहेत आणि पोटापाण्यासाठी सुतारकाम करणारे कारागीरही आहेत. या जिगबद्दल दोघांचं मत एकदम वेगळं पडतं, आणि दोघांचंही ऐकण्यासारखं आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिग म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा ठोकळा. त्यात पोलादी नळ्या पंधरा अंशांच्या तिरप्या कोनात बसवलेल्या असतात. फळी जिगमध्ये पकडायची आणि नळीतून बिट आत घालायचं. बिट पायरीचं असतं : मागचा भाग साडेनऊ मिलिमीटर जाड, पुढचं टोक बारीक. जाड भाग स्क्रूचं डोकं मावेल एवढा खिसा कोरतो आणि बारीक टोक स्क्रूला पुढची वाट करून देतं. मग त्या फळीचं टोक दुसऱ्या फळीला भिडवायचं, क्लॅम्पने आवळायचं आणि तिरका स्क्रू फिरवायचा. सांधा तयार.

जिगच्या जन्माची गोष्ट मला आवडते. १९८०च्या दशकात अमेरिकेत क्रेग सॉमरफेल्ड नावाचा अवजारं घडवणारा कारागीर स्वतःच्या घरासाठी कपाटं करत होता. चौकटी जोडायची सोपी रीत हवी म्हणून त्याने ॲल्युमिनियम आणि पोलादाचा एक जिग बनवला, आणि पुढे त्यातून कंपनी उभी राहिली. माझ्याकडचा जिग दुसऱ्याच कोणाचा आहे, पण मूळ कल्पना तीच. घरच्या कामातून निघालेलं हे साधन घरच्या कामातच सगळ्यात छान चालतं.

माझा जिग दोन नळ्यांचा आहे, वर तरफेची पकड आहे, आणि तो टेबलावर स्क्रूने बसवता येतो. ही पकड मला सगळ्यात मोलाची वाटते. एकाच नळीचा छोटा जिगही मिळतो. तो वेगळ्या क्लॅम्पने फळीवर धरावा लागतो. उभ्या झालेल्या कपाटाच्या आत एखादं भोक पाडायचं असेल तर तो छोटाच कामाला येतो, कारण मोठा तिथे शिरत नाही. पण वीस-पंचवीस पट्ट्यांना ओळीने भोकं पाडायची असतील तेव्हा तरफ खाली-वर करण्यातलं सुख वेगळंच. भुसा बाहेर पडायला बाजूने खिडकी आहे, तिथे व्हॅक्यूमची नळी लागते. ती जरूर लावा. भुसा नळीत अडकला की बिट तापतं आणि त्याची धार लवकर जाते.

आता तक्रारी. माझ्या जिगवरच्या जाडीच्या खुणा छापलेल्या आहेत, कोरलेल्या नाहीत. वापरून वापरून त्या पुसट झाल्या. बिटावर बसणारी कॉलर, म्हणजे भोक किती खोल जायचं ते ठरवणारी कडी, एकाच छोट्या स्क्रूवर घट्ट होते आणि थरथरीने सरकते. कॉलर सरकली की भोक खोल जातं आणि स्क्रूचं टोक पलीकडून बाहेर डोकावतं. म्हणून कामाला बसताना एकदा आणि मध्ये एकदा मी ती तपासते. बिटाच्या टोकाखाली सुमारे तीन मिलिमीटर जागा सुटली पाहिजे. ते टोक जिगच्या तळाला घासत असेल तर कॉलर चुकीच्या जागी आहे.

सगळं गणित जाडीचं आहे. जिगची उंची, कॉलरची जागा आणि स्क्रूची लांबी ही तिन्ही फळीच्या जाडीवर ठरतात. एकोणीस मिलिमीटरच्या फळीला बत्तीस मिलिमीटरचा स्क्रू, अडतीसच्या जाड लाकडाला चौसष्टचा. पण प्लायवर छापलेली जाडी आणि खरी जाडी यांत फरक असतो. अठरा म्हणून आणलेला प्लाय सतरा-साडेसतरा भरू शकतो. व्हर्नियरने मोजा आणि आधी त्याच प्लायच्या उरलेल्या तुकड्यावर एक सांधा करून बघा.

स्क्रूच्या बाबतीत मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. हे स्क्रू वेगळे असतात. डोक्याखालचा भाग सपाट, वॉशरसारखा रुंद, म्हणजे तो खिशाच्या तळावर बसून दाबतो. नेहमीचा निमुळत्या डोक्याचा स्क्रू पाचरीसारखा आत घुसतो आणि लाकूड फाडतो. मऊ लाकूड, प्लाय आणि एमडीएफला (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीला) रुंद आट्यांचे स्क्रू, टणक लाकडाला बारीक आट्यांचे. बहुतेक स्क्रूंच्या डोक्यात चौकोनी खाच असते. या खाचेचं पेटंट कॅनडातल्या पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०९ साली घेतलं होतं. अडचणीच्या तिरप्या जागी स्क्रू फिरवणारं बिट निसटत नाही, हा या खाचेचा मोठा गुण. ड्रिलचा क्लच, म्हणजे ठरावीक जोर आला की फिरणं थांबवणारी कळ, हलका ठेवा. एमडीएफमध्ये एक फेरा जास्त झाला तरी आटे भुगा होतात आणि स्क्रू नुसताच फिरत राहतो.

आणखी एक : स्क्रू तिरका असल्यामुळे आवळताना फळीला सरकवतो. केसभर सरकली तरी चौकटीच्या पृष्ठभागावर पायरी हाताला लागते. हाताने कितीही दाबून धरा, ती सरकतेच. सांध्यावर दोन्ही फळ्या एका पातळीत धरणारा रुंद तोंडाचा क्लॅम्प लावला तरच ती जागची हलत नाही. जिगसोबत असा क्लॅम्प येत नसेल तर जिगच्या आधी तो घ्या, असंच मी म्हणेन.

आता मतभेदाकडे येते. आमच्यातले एक पिढीजात सुतार आहेत, त्यांना मी काका म्हणते. कूस-सालीचा जोड हा त्यांचा हातखंडा. एका लाकडात आयताकृती खाच, ती साल; दुसऱ्याला तिच्यात ठासून बसणारी जीभ, ती कूस. जर्मनीत लाइप्झिगजवळ जमिनीखाली सापडलेल्या, सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या विहिरींच्या लाकडी अस्तरातही हाच जोड आहे, यावरून त्याची ताकद कळावी. काकांचं म्हणणं असं की तिरक्या स्क्रूवर उभी असलेली खुर्ची म्हणजे मोडायची वाट बघणारी खुर्ची. खुर्चीपुरतं ते बरोबर आहे. माणूस मागे रेलतो तेव्हा सांध्यावर पीळ येतो, तो रोज येतो, आणि स्क्रू धरून असतो फक्त आट्यांभोवतीच्या थोड्या लाकडाला. कुशीला सगळ्या बाजूंनी गोंद लागतो आणि लाकडाचे खांदे टेकतात.

पण स्वयंपाकघराची कपाटं बसवणारे दुसरे एक दादा आहेत, ते दिवसभर हाच जिग वापरतात. कपाटाच्या तोंडाची चौकट खोक्याला चिकटलेली असते, तिच्यावर पीळ येतच नाही. तिथे गोंद लावायचा, स्क्रू फिरवायचा आणि लगेच पुढची चौकट हातात घ्यायची. गोंद वाळेपर्यंत क्लॅम्पचं काम स्क्रूच करतो. ज्याच्याकडे क्लॅम्प चार आणि चौकटी दहा, त्याला हे वरदान आहे. माझं मत इथे दादांच्या बाजूने आहे, आणि तेच काम खिळ्यांनी भागवण्यापेक्षा हजारपट चांगलं आहे.

खरी काळजी मला टेबलांची वाटते. हौशी मंडळी एकमेकांना जे आराखडे देतात त्यांत टेबलाचा माथा खालच्या चौकटीला तिरक्या स्क्रूंनी करकचून आवळलेला असतो, किंवा माथ्याच्या दोन्ही टोकांना आडवी पट्टी अशीच जोडलेली असते. फोटोत ते फार देखणं दिसतं. पण लाकूड हवेतल्या दमटपणाबरोबर रेषांना, म्हणजे त्याच्या तंतूंच्या दिशेला, आडवं फुगतं आणि आक्रसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. रुंद माथा वर्षभरात काही मिलिमीटर हलतो. आडवी पट्टी त्याच्यासोबत हलत नाही, कारण तिच्या रेषा दुसऱ्या दिशेला आहेत. मग कुठेतरी भेग पडते, आणि ती बहुधा फोटो काढून वर्ष उलटल्यावर पडते. माथ्यासाठी लाकडी गुटके, आठच्या आकड्यासारख्या पट्ट्या किंवा लांबट भोकं वापरा, म्हणजे लाकडाला सरकायला वाव राहतो. माथा प्लायचा असेल तर ही चिंता नाही, कारण प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात.

भोक कोणत्या फळीला पाडायचं, यातही रेषांचाच प्रश्न आहे. स्क्रू पहिल्या फळीच्या कापलेल्या टोकातून बाहेर पडून दुसऱ्या फळीच्या रेषांमध्ये आडवा रुतला पाहिजे. उलट केलंत तर आटे टोकाकडच्या उभ्या रेषांमध्ये जातात आणि ओढ बसली की सुटतात.

म्हणूनच काम दाखवताना नुसता फोटो देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. या जिगचं मोठेपण हेच की मी केलेली मांडणी, मला कधीही न भेटलेला माणूस जशीच्या तशी करू शकतो. त्याच्या हाताला वर्षांची सवय नसली तरी चालतं. पण त्यासाठी त्याला लाकूड कोणतं, मोजलेली जाडी किती, स्क्रू केवढा, भोकं कोणत्या फळीला आणि रेषा कोणत्या दिशेला हे कळायला हवं. खिसे नेहमी मागे किंवा खाली लपवलेले असतात, त्यामुळे मागच्या बाजूचा फोटो तर हवाच. मी आता आराखड्यात प्रत्येक फळीवर रेषांच्या दिशेचा बाण काढते. काका आराखडा हातात घेतला की आधी तो बाणच बघतात.

खिसे बुजवायला लाकडी गुल्ल्या मिळतात. त्या तिरप्या कापलेल्या असतात, गोंद लावून ठोकायच्या आणि घासून सपाट करायच्या. रंगवायचं असेल तर ठीक. पॉलिशखाली मात्र त्या लांबट ठिपक्यांसारख्या दिसतात, म्हणून दिसणाऱ्या बाजूला खिसा पाडूच नका.

घेताना दोन नळ्यांचा आणि पकड असलेला जिग घ्या. नळ्या पोलादाच्याच हव्यात. जाडीच्या खुणा कोरलेल्या असतील तर उत्तम. त्यासोबत रुंद तोंडाचा क्लॅम्प, एक जादा बिट आणि दोन्ही प्रकारच्या आट्यांचे स्क्रू एकदमच घ्या, कारण बिट बोथट होतं ते नेमकं काम रंगात आलेलं असताना.