बीएलएस नूतनीकरण कोर्स: ऑनलाइन भाग चांगला, खरी कसोटी पुतळ्यावर

बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, हृदय किंवा श्वास थांबलेल्याला वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण. त्याचं कार्ड दोन वर्षं चालतं. हातातलं कसब मात्र तीन ते सहा महिन्यांतच घसरायला लागतं. नूतनीकरणाचा कोणताही कोर्स ही घसरण किती रोखतो, यावरूनच त्याची पारख व्हायला हवी. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मिश्र कोर्सकडे, म्हणजे अभ्यास ऑनलाइन आणि सराव प्रत्यक्ष, माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर, आम्ही त्याच नजरेने पाहिलं.

ऑनलाइन भाग चांगला बांधलेला आहे. प्रसंग समोर येतो, पुढचं पाऊल आपण ठरवायचं. मध्येच थांबून नंतर पुढे चालू करता येतं. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या नर्स आणि निवासी डॉक्टरांना हे सोयीचं. अडचण कोर्सबाहेर आहे: रुग्णालयाने त्यासाठी ड्यूटीतला वेळ दिला नाही, तर हा भाग रात्रपाळीनंतर पेंगत उरकला जातो. मग परीक्षा पास होते, पण डोक्यात फारसं राहत नाही.

खरी किंमत प्रत्यक्ष सत्राची आहे. प्रौढांच्या सीपीआरसाठी (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) दाबांची खोली आणि वेग मोजून लगेच दाखवणारं उपकरण हार्ट असोसिएशनने 2019 पासून सक्तीचं केलं, आणि ते योग्यच झालं. छाती 4 सेंटिमीटर दबली की 5, हे नुसत्या डोळ्यांनी अनुभवी प्रशिक्षकालाही नीट सांगता येत नाही. प्रमाण आहे किमान 5 सेंटिमीटर, 6 च्या पुढे नाही, मिनिटाला 100 ते 120 दाब. घाईत वेग 130-140 वर जातो आणि खोली कमी होते. दुसरी चूक याहून लपून राहते: दाबानंतर तळहाताचा भार छातीवर तसाच रेलून राहतो. छाती पूर्ण वर आली नाही की हृदयात रक्त कमी परत येतं, आणि पुढच्या दाबाला बाहेर ढकलायला फारसं काही उरत नाही. थकवा दोन मिनिटांच्या आतच येतो, करणाऱ्याला तो जाणवत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा आणि तो बदल 10 सेकंदांच्या आत व्हायला हवा.

बॅग-मास्कला, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून हाताने बॅग पिळत श्वास देण्याला, बहुतेक सत्रांत फार कमी वेळ मिळतो, ही आमची मोठी तक्रार. प्रौढांची बॅग पूर्ण पिळली तर गरजेपेक्षा बरीच जास्त हवा जाते. पोट फुगतं, उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो, छातीतला दाब वाढून रक्ताभिसरणही मंदावतं. एक श्वास एका सेकंदात, छाती जेमतेम उचललेली दिसेपर्यंत, एवढंच पुरे. मास्क एकट्याने घट्ट धरणं अवघड आहे, त्यामुळे एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा आणि दुसऱ्याने बॅग दाबायची, हा सराव आग्रहाने मागून घ्या.

दुसरी उणीव जागेची. पुतळा असतो जमिनीवर, रुग्ण असतो गादीवर. गादी दबते आणि दाबाची खोली तिथेच वाया जाते. एअर मॅट्रेसची हवा सोडणारी सीपीआर झडप कुठे आहे, पलंग किती खाली घ्यायचा, उंची कमी असेल तर पायाखाली स्टूल कुठून आणायचं, हे वर्गात क्वचितच शिकवलं जातं.

नाव नोंदवण्यापूर्वी अभ्यासक्रम असोसिएशनच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनांवर आधारलेला आहे का, हे विचारा. शुद्धीवर असलेल्या प्रौढाच्या घशात काही अडकलं, तर आता आधी पाठीवर 5 थापा, मग पोटावर 5 दाब, असं आलटून पालटून करायचं आहे. तान्ह्या बाळासाठी दोन बोटांनी छाती दाबण्याची जुनी पद्धत काढून टाकली आहे. आता एका तळहाताचा खालचा भाग किंवा दोन्ही अंगठे वापरायचे. एका पुतळ्यामागे तिघांपेक्षा जास्त जण असतील तर दुसरं केंद्र शोधा, कारण तुमच्या वाट्याला सराव कमी आणि बघणंच जास्त येईल.

वॉर्डप्रमुखांनी फक्त कार्डांच्या तारखा सांभाळून भागणार नाही. खोली-वेग दाखवणारा एक पुतळा वॉर्डात ठेवा आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येकाकडून दोन मिनिटं दाब आणि दोन मिनिटं बॅग-मास्क करून घ्या, तेही पुतळा खऱ्या पलंगावर, खऱ्या गादीवर ठेवून. यासाठी रजा लागत नाही, बदली माणूसही लागत नाही. पाळी बदलताना हे सहज होतं.