बिलावर तांबं, मोटारीत ॲल्युमिनियम

आमच्या विहिरीवरची ५ एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे पंप आणि मोटार एकत्र असलेली, जानेवारीत जळाली. कांदा लावून महिना झालेला, पाणी थांबवून चालणार नव्हतं. तालुक्याच्या ज्या दुकानातून वडील वर्षानुवर्षं मोटारी भरून, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळून, आणायचे, तिथेच मीही टाकली. पाटी तीच, टेबल तेच. पण ज्यांना सगळे मामा म्हणायचे ते म्हातारे मिस्त्री आता घरी बसलेत आणि दुकान दुसऱ्याने चालवायला घेतलंय, हे मला ठाऊक नव्हतं. गल्ल्यावरचा म्हणाला, "मी मामांचाच माणूस, काळजी करू नका." मी पुढे काही विचारलं नाही. तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी मोटार तयार. साडेचार किलो तांब्याची वायर, दोन नवी बेअरिंग, सील, मजुरी असं कोऱ्या कागदावर लिहून त्याने पैसे घेतले. वायर दाखवा म्हटलं, तर एक तुकडा ब्लेडने खरवडून दाखवला. लालभडक तांबं. माझं समाधान झालं.

मोटार चालली, पण पाणी पहिल्यासारखं येईना आणि तासाभरात अंगाला हात लावता येऊ नये इतकी तापायची. फोन केला तर म्हणाला, व्होल्टेज कमी असेल. आमच्याकडे रात्रीच्या लाईटला व्होल्टेज पडतंच, म्हणून मला पटलं. चाळिसाव्या दिवशी रात्री जळका वास आला आणि स्टार्टर पडून मोटार बंद झाली. कांदा ऐन फुगवणीत होता.

या वेळी दुसऱ्या गावच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कॉईल काढली, एक तार पक्कडीने तोडली आणि तोडलेलं टोक उजेडात धरून मला दाखवलं. कडेला केसाएवढी लाल रेघ, आत सगळं पांढरं. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचं पातळ कवच. अशी तार खरवडली तर तांबंच दिसणार, टोक तोडल्याशिवाय कळत नाही. मग सगळी वायर काट्यावर टाकली. पावणेदोन किलोसुद्धा भरली नाही. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, त्यामुळे वजनात चोरी लपत नाही.

ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची ताकद तांब्याच्या साधारण ६० टक्के. तेवढंच काम घ्यायचं तर तारेच्या तोडलेल्या टोकाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त हवं, आणि तांब्याच्या हिशोबाने केलेल्या स्लॉटमध्ये, म्हणजे तार बसवायच्या खाचांमध्ये, तेवढी जाड तार बसत नाही. मग तांब्याच्याच जाडीची भरतात आणि ती तापून जळते. कंपनीतूनच ॲल्युमिनियम वायंडिंगची म्हणून सांगून येणारी मोटार वेगळी, तिची बांधणीच तशी केलेली असते. तिला मी नावं ठेवत नाही.

बेअरिंगही जुनीच होती, नवं ग्रीस भरलेली. आणि पहिल्यांदा जळालेलं आमचं तांबं? जळालं तरी तांबं तांबंच, भंगारात किलोवर जातं. ते त्याने ठेवून घेतलं आणि वर मलाच तांब्याचा भाव लावला. याचा राग अजून जात नाही.

जाब विचारायला गेलो तर म्हणाला, ही वायर आमची कशावरून? माझ्याकडे दुकानाचं नाव नसलेला कागद. ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. पण बिलाशिवाय माझं म्हणणं लंगडं पडतं. म्हणून मोटार टाकतानाच पक्कं बिल ठरवा, त्यावर "तांबं" आणि किलो लिहून घ्या. भरायच्या आधी वायर आपल्यासमोर तोडून, वजन करून घ्या. जुनी वायर आणि जुनी बेअरिंग पोत्यात घालून घरी आणा. मिस्त्री ओळखीचा असला तरी.

आमच्या भागात या हिवाळ्यात मोटार भरून आणलेली आणि आता तापत असलेली कुणाची असेल, तर दुसऱ्या मिस्त्रीकडून उघडून घ्या. आत पांढरी तार निघाली तर मला कळवा. माझी तोडलेली तार आणि तो कागद मी जपून ठेवलाय. चौघं-पाचजण मिळून गेलो तर त्याला "कशावरून" म्हणता येणार नाही.