बीटाचे चार महिने आणि नंतरचे पाच: एका एक्स्पान्शनचा अनुभव

मी या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमच्या नव्या एक्स्पान्शनच्या (मूळ गेमला जोडलेल्या मोठ्या विस्ताराच्या) बीटा (प्रकाशनाआधीच्या) चाचणीत पहिल्या बिल्डपासून (चाचणी आवृत्तीपासून) शेवटच्या बिल्डपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने, सहभागी होतो आणि एक्स्पान्शन प्रसिद्ध झाल्यापासून गेले पाच महिने तेच सारे खऱ्या सर्व्हरवर खेळत आहे. मी बहुतेक वेळ हीलर, म्हणजे सोबत्यांना बरे करणारे पात्र, खेळतो, तेव्हा पुढच्या मतांत हीलरचा कल डोकावणार हे आधीच मान्य करतो. गेमचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही; ज्यांनी तो खेळला आहे त्यांना ते दोन परिच्छेदांत कळेल.

बीटा म्हणजे सर्वांआधी आणि फुकटात खेळायला मिळणारा गेम, अशा समजुतीने आलेली मंडळी पहिल्याच आठवड्यात पांगली आणि त्यांना दोष देता येणार नाही. सुरुवातीच्या बिल्डमध्ये पाचपैकी दोनच प्रदेश उघडे होते, क्वेस्ट (कामगिरी) देणाऱ्या पात्रांना आवाज नव्हते आणि काही गुहांच्या भिंतींवर टेक्श्चरच्या (पृष्ठभागाच्या चित्राच्या) जागी भडक जांभळे चौकोन दिसत. एका तलवारीचे नाव तर सरळ ‘इथे नाव टाका’ असे होते. प्रत्येक नव्या बिल्डबरोबर टॅलेंट (पात्राची निवडलेली कौशल्ये) पुन्हा लावावे लागत आणि दोनदा सर्वांची कॅरेक्टर पुसली गेली. बीटाचे सर्व्हर एकाच ठिकाणी असल्यामुळे दूरच्या खेळाडूंचा पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) इतका वाढे, की बॉसचा (बलाढ्य शत्रूचा) मंत्र मध्येच तोडण्याचे काम आमच्या गिल्डमधल्या (खेळाडूंच्या संघातल्या), सर्व्हरजवळ राहणाऱ्या दोघांवरच सोपवावे लागे.

तक्रार नोंदवण्याची सोय मात्र उत्तम होती. बटण दाबले की बिल्डचा क्रमांक, नकाशावरची जागा आणि चालू क्वेस्ट आपोआप जोडली जाई. आपण फक्त काय घडले ते लिहायचे. हे ‘फक्त’ किती अवघड आहे ते मला तिसऱ्या डंजनच्या (छोट्या गटाने लढत पार करायच्या ठिकाणाच्या) शेवटच्या बॉसने शिकवले. तो जमिनीवर केशरी वर्तुळ टाकतो आणि दोन सेकंदांत ते फुटते. लढाईच्या दालनातील फरशी तांबूस दगडाची आहे, वरून मशालींचा उजेड पडतो, आणि हीलरची नजर तशीही बहुतेक वेळ सोबत्यांच्या हेल्थ बारवर खिळलेली असते. पहिल्या संध्याकाळी आम्ही तिथे सात वेळा वाइप झालो, म्हणजे सगळेच मेलो. रागाच्या भरात ‘हा बॉस अन्यायकारक आहे’ एवढेच मी लिहिले आणि त्यावर काहीही झाले नाही. दुसऱ्या खेपेस मशाल आणि वर्तुळ एकत्र दिसतील असे दोन स्क्रीनशॉट काढले, एक सर्वांत खालच्या ग्राफिक्स सेटिंगवर आणि एक सर्वांत वरच्या, आणि खालच्या सेटिंगवर वर्तुळाची कड दिसेनाशी होते इतकेच नोंदवले. पुढच्या दोन बिल्डनंतर वर्तुळाला पांढरी कड आली. ती माझ्यामुळेच आली असे म्हणण्याचे धाडस करणार नाही, कारण त्या वर्तुळात माझ्याआधी अनेक जण मेले असणार. पण पहिल्या तक्रारीवरून कोणालाच काही दुरुस्त करता आले नसते, हे खरे.

रेडच्या (मोठ्या गटाने लढायच्या मोहिमांच्या) चाचण्या ठरलेल्या दिवशी, तासाभरासाठी आणि एकेका बॉसपुरत्या होत. त्यांतून आकडे चांगले जुळून आले. माझ्या मुख्य हीलचा (बरे करण्याच्या मंत्राचा) कूलडाउन, म्हणजे तो पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ, तीनदा बदलला आणि शेवटी जिथे स्थिरावला तिथे तो योग्य वाटतो.

पाच महिन्यांनंतर जे खटकते आहे ते मात्र बीटात दिसणे शक्यच नव्हते. गिअरची (शस्त्रे-चिलखतांची) पातळी वाढवण्यासाठी लागणारा स्फटिक खऱ्या सर्व्हरवर आठवड्याला ठरावीक संख्येतच मिळतो. बीटात मुख्य शहरातल्या एका विक्रेत्याकडे तेच स्फटिक हवे तेवढे फुकट मिळत, कारण आम्ही लगेच चांगले गिअर चढवून रेडमध्ये शिरावे अशी अपेक्षा होती. सोय रास्तच होती, पण तिच्यामुळे वाट पाहणे, जो त्या साऱ्या रचनेचा गाभा आहे, चाचणीतून वगळले गेले. मी तीन आठवड्यांचे स्फटिक एका काठीवर खर्च केले आणि दोन दिवसांनी तिच्याहून सरस काठी लूटमध्ये मिळाली. खर्च केलेल्या स्फटिकांतला एकही परत मिळाला नाही. प्रत्येक कॅरेक्टरचा हिशेब वेगळा असल्याने माझ्या टँकसाठी (शत्रूचे वार स्वतःवर घेणाऱ्या दुसऱ्या कॅरेक्टरसाठी) तीच कामे दर आठवड्याला पुन्हा करावी लागतात. लिलावघराचेही तसेच. सोने पुसलेच जाणार हे माहीत असताना कोणी साठेबाजी करत नाही, घासाघीस करत नाही. त्यामुळे औषधांच्या वनस्पतींचे भाव खऱ्या सर्व्हरवर कुठवर चढतील याचा अंदाज बीटावरून बांधता आला नाही.

अर्थात, काही वेळा बीटात दिसूनही उपयोग होत नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमच्या २०२० मधील ‘शॅडोलँड्स’ एक्स्पान्शनमध्ये खेळाडूला चारपैकी एक कॉव्हेनंट (गेममधला एक पंथ) निवडावे लागे आणि लढाईतील काही क्षमता त्या निवडीला बांधलेल्या होत्या. ही गाठ सोडावी, असे बीटातले खेळाडू सांगत राहिले. प्रकाशन ऑक्टोबरवरून नोव्हेंबरवर ढकलले गेले, पण बंधन राहिले. ते सैल झाले नोव्हेंबर २०२१ मधल्या ९.१.५ पॅचमध्ये (अपडेटमध्ये). बॉसच्या वर्तुळाची कड दोन बिल्डमध्ये बदलते, पण ज्या कल्पनेवर कथा, बक्षिसे आणि टॅलेंट सगळेच रचलेले असते ती प्रकाशनाच्या चार महिने आधी हलवणे जवळपास अशक्य असते, हे मला आता पटते.

उलट, कोणीही न ठरवलेले जे घडते ते बीटा हमखास दाखवतो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’च्या बीटात गेमचे निर्माते रिचर्ड गॅरियट यांचे ‘लॉर्ड ब्रिटिश’ हे अवध्य समजले जाणारे कॅरेक्टर एका खेळाडूने आगीच्या मंत्राने ठार केले, कारण सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर अवध्यतेची सोय चालू करायची राहून गेली होती. आमच्या बीटात एवढे नाट्य घडले नाही; एक राजा पुलाच्या कठड्यात कमरेपर्यंत रुतून आठवडाभर भाषण देत होता, इतकेच.

एक्स्पान्शन घ्यावे का, असे विचारणाऱ्यांना मी सांगतो की एकच कॅरेक्टर खेळत असाल तर जरूर घ्या, कारण प्रदेश आणि डंजन दोन्ही उत्तम झाले आहेत. दोन-तीन कॅरेक्टर सांभाळण्याची सवय असेल तर पुढच्या पॅचपर्यंत थांबा. मी स्वतः टँक महिन्याभरापूर्वी बाजूला ठेवला. त्या पॅचचा चाचणी सर्व्हर नुकताच उघडला आहे आणि शहरात तोच विक्रेता तसेच फुकट स्फटिक देत उभा आहे. माझी पहिली नोंद त्याच्याविषयीच आहे: एका सर्व्हरवरून त्याला हटवा, आठवड्याची मर्यादा तिथे खऱ्यासारखीच ठेवा आणि सहा आठवडे कोण टिकते ते पाहा. या वेळी स्क्रीनशॉट जोडण्यासारखे काही नव्हते, म्हणून माझ्या टँकने शेवटचे लॉगिन केल्याची तारीख जोडली.