देऊळ उचलता येतं, माळवदाचा वाडा नाही

जुनी वास्तू धरणात किंवा रस्त्यात आली की दोन वाटा उरतात: दुसरीकडे नेऊन उभारायची, नाहीतर जागेवरच राखायची.

हेमाडपंती देवळाला पहिली वाट जमते. दगड चुन्याविना, खाचाखुंट्यांनी एकमेकांत बसवलेले असतात. प्रत्येकावर नंबर टाकायचा, मोजमाप घ्यायचं, शिखराकडून थर उतरवायचे आणि नव्या जागी पायापासून चढवायचे. इजिप्तमधलं अबू सिंबेलचं प्राचीन देऊळ तर अखंड डोंगरात कोरलेलं. तेही १९६४ ते १९६८ मध्ये तुकडे कापून सुमारे ६५ मीटर वर नेलं. पण देवळामागची बारव (पायऱ्यांची विहीर), पार मागेच राहतात, हे मला फार खुपतं.

आपल्या मराठवाड्यातल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, वाड्याचं तसं नाही. सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकट सुटते. पांढऱ्या मातीची रुंद भिंत मात्र पाडली की ढिगाराच. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावचं त्रिविक्रम मंदिर विटांचं, तेही उतरवायला अवघड.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाणीच येणार असेल तर दगडी देऊळ हलवा. नुसता रस्ता आडवा येत असेल तर रस्ता वळवा, आणि वाड्याच्या माळवदावर दर पावसाळ्याआधी मातीचा थर द्या.