मगाचा कान तुटला आणि पॅकेज, वकील, विमा सगळंच घ्यावं लागलं: तिन्हींचा रिव्ह्यू

आधी परिस्थिती सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी आणि नवरा मिळून मराठी म्हणींचे टी-शर्ट, मग, कापडी पिशव्या विकतो. स्वतःची छोटीशी वेबसाइट आहे, ऑर्डर आली की बाहेरचा प्रिंटर एकेक नग छापतो, आमचं लेबल लावतो आणि परस्पर कुरिअर करतो. म्हणजे प्रिंट ऑन डिमांड. आमच्याकडे पुण्यात सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये फक्त प्रदर्शनांसाठीचे चार खोके आणि एक कपाट. त्यामुळे दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की आपल्याला काय, माल आपल्या हाताला लागतसुद्धा नाही, कसली रिस्क.

मग साताऱ्याच्या एका ताईंच्या हातात मगाचा कान राहिला आणि बाकीचा मग मांडीवर. गरम चहासकट. फोड आला, डॉक्टरकडे जावं लागलं. त्यांनी फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "तुमचा मग." मी तो फोटो तसाच प्रिंटरला पुढे ढकलला, त्याचं उत्तर आलं की दुसरा मग फ्रीमध्ये छापून देतो. संपलं. फोडाबद्दल अक्षर नाही. त्याच्या वेबसाइटवरच्या अटी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचल्या, त्यात लिहिलंच होतं की आमची जबाबदारी नग बदलून देण्यापुरती, आणि डिझाइनवरून काही भांडण झालं तर ते दुकानदार निस्तरेल, वर आमचंही नुकसान भरून देईल. दोन वर्षांपूर्वी त्यावर मीच टिक केलं होतं.

आता रिव्ह्यू.

एक, ऑनलाइन पॅकेज. नाव लिहीत नाही, अशा पंधरा कंपन्या आहेत, जाहिरात सगळ्यांची सारखीच असते, "बिझनेस लीगल करा फक्त इतक्यात". आम्ही १४,९९९ दिले. त्यात काय मिळालं तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद), गुमास्ता, जीएसटी नंबर आणि ट्रेडमार्कचा अर्ज. ऐकायला भारी वाटतं ना. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, आधार आणि पॅन हाताशी असले की अर्ध्या तासाचं काम. गुमास्ता म्हणजे आपलं शॉप अॅक्ट, महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने माणसं थोडी असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, आम्ही तर दोघंच, तेही एकमेकांना पगार न देणारे. जीएसटी नंबरलाही सरकारी फी शून्य. राहिला ट्रेडमार्क, त्याची फी एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला, म्हणजे मालाच्या एका प्रकाराला, ४,५०० रुपये. म्हणजे बाकीचे साडेदहा हजार मी फॉर्म भरायचा कंटाळा केला म्हणून गेले. चूक माझीच, पण तुम्ही करू नका.

एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर सांगितली, ती म्हणजे जीएसटी. माझा समज होता की वर्षाच्या ४० लाखांच्या विक्रीपर्यंत काही लागत नाही. पण ती सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. स्वतःच्या वेबसाइटवरून पणजीला एक टी-शर्ट पाठवला तरी ती आंतरराज्य विक्री, उलाढाल कितीही असो नंबर लागतोच. मोठ्या ऑनलाइन बाजारातून विकणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून थोडी ढील मिळालीय, तीही राज्याच्या आत विकत असाल आणि मर्यादेखाली असाल तरच. आमचं गिऱ्हाईक गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदा असं पसरलेलं, त्यामुळे विषयच संपला.

राग आला तो ट्रेडमार्कवरून. अर्ज भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा मेसेज, "अभिनंदन, तुमचा ब्रँड रजिस्टर झाला", सोबत गोलातल्या आर चिन्हासकट लोगो. मी येडी, लगेच सगळ्या लेबलांवर तो गोलातला आर टाकून दिला. अर्ज केला की फक्त टीएम लावता येतं हो! आर लावायचा तो नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्यावर, त्याआधी लावला तर ट्रेडमार्क कायद्याखाली दंड होऊ शकतो. आणि प्रमाणपत्र असं दुसऱ्या दिवशी येत नाही, तपासणी होते, ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून येतं, मग चार महिने कुणालाही हरकत घ्यायला मोकळीक असते. वर यांनी अर्ज केला फक्त वर्ग २५ मध्ये, म्हणजे कपडे. चहाचे मग येतात वर्ग २१ मध्ये. ज्या मगाने एवढं रामायण घडवलं तोच बाहेर! विचारलं तर म्हणे, "मॅडम, दुसरा वर्ग म्हणजे दुसरं पॅकेज."

पाचपैकी दीड. तो दीडसुद्धा जीएसटीचा.

दोन, वकील. नणंदेच्या ओळखीतल्या, ट्रेडमार्क-कॉपीराइटचंच काम करतात. एका तासाचे दीड हजार घेतले आणि त्या तासात माझी झोप उडवली. पहिलाच प्रश्न, "लेबल कुणाचं?" म्हटलं आमचं. म्हणाल्या, "मग कायद्याच्या भाषेत उत्पादक तुम्ही." मी म्हटलं, अहो मॅडम, मग बनवला दुसऱ्याने, छापला तिसऱ्याने, मी तर तो बघितलाही नाही. त्यांनी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उघडून समोर ठेवला. उत्पादकाच्या व्याख्येत, दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो स्वतःचं चिन्ह लावतो किंवा लावून घेतो, तोसुद्धा आहे. सरळ लिहिलंय. म्हणजे दोन वर्षं जी माझी ढाल होती की माल आपल्या हाताला लागत नाही, तिला काही अर्थच नव्हता. शिवाय तक्रार करायला ताईंना पुण्याला यायची गरज नाही, त्या साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करू शकतात, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य. आमचा मग होता ३४९ चा.

त्यांनी सांगितलं ते केलं. ताईंना फोन केला, मेसेज नाही, फोन. दवाखान्याचं बिल आम्ही दिलं आणि वेबसाइटवर तक्रार अधिकारी म्हणून नवऱ्याचं नाव, नंबर टाकला. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल लावावा लागतो. नवरा तेव्हापासून घरात स्वतःला साहेब म्हणवून घेतो, ते सोडा.

मग त्यांनी डिझाइनं काढायला लावली आणि एकेक करून बाजूला ठेवत गेल्या. आमचा सगळ्यात जास्त खपणारा "झकास". म्हणाल्या, फॉन्ट कुठला, सोबत चेहरा कुणाचा? आम्ही मिशीवाला, गॉगलवाला चेहरा टाकला होता, ओळखणाऱ्याला ओळखू येईल असा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने अनिल कपूरच्या बाजूने आदेश दिलाय, त्यात नाव, चेहरा, आवाज आणि झकाससुद्धा आहे. आणि २०२४ च्या मे महिन्यात जॅकी श्रॉफच्या बाजूने, त्यात भिडू! मला हसूच आलं, म्हटलं अहो आमच्या आजोबांच्या तोंडातले शब्द हे, कबड्डीत भिडू म्हणायचं नाही का आता. त्या म्हणाल्या, "म्हणा की, कबड्डीत खुशाल म्हणा. पण त्या माणसाची आठवण करून देऊन टी-शर्ट खपवायचा असेल तर नोटीस येईल." चेहरा काढला, साधा शब्द ठेवला, तोही त्यांच्या मते काठावरच आहे. खप अर्ध्यावर आला, म्हणजे लोक चेहराच घेत होते हे कळलं.

महाराजांचं मला अजिबात माहीत नव्हतं. जत्रेत, गडाखाली, रस्त्यावर सगळीकडे महाराजांच्या चित्राचे टी-शर्ट दिसतात त्यामुळे वाटायचं की ते सगळ्यांचंच आहे. १९५० चा एक कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा, त्याच्या यादीत गांधीजी, नेहरू यांच्यासोबत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे, व्यापारासाठी परवानगीशिवाय वापरायचं नाही. सगळे करतात म्हणून चालतं, आणि एक दिवस चालत नाही. आम्ही राजमुद्रेचं डिझाइन होतं तेही उतरवलं. नवऱ्याला ते पटलं नाही, दोन दिवस गप्प होता.

शेवटचा बाँब म्हणजे मामेभाऊ. आमची निम्मी चित्रं त्याने काढलीत. "त्याला काय दिलं?" मिसळ. "लेखी काही?" नाही. तर चित्राची मालकी त्याचीच, आपल्याकडे यायची तर लेखी आणि सही केलेला कागद हवा. आणि कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आमचे तर न्यूजर्सीच्या मराठी मंडळाने साठ टी-शर्ट मागवलेले. आता आपल्याच भावाकडून सही घ्यायची म्हणजे मामीला काय वाटेल या विचाराने मी आठवडा घालवला. शेवटी मामीच म्हणाली, "अगं घे की, उद्या त्याची बायको आल्यावर कोण देतंय," आणि साक्षीदार म्हणून तिनेच सही केली. मानधनही ठरवलं, मिसळ वेगळी.

पाचपैकी पाच द्यायचे होते, पण प्रिंटरसोबतच्या कराराचा मसुदा द्यायला सहा आठवडे लावले, म्हणून साडेचार.

तीन, विमा. एजंट काका सोसायटीतलेच. मी गेले तेव्हा म्हणाले, घराची पॉलिसी आहे ना, त्यात बसवू. नशीब मी ती पॉलिसी वाचली, घरगुती पॉलिसीत घरातलं सामान येतं, विकायला ठेवलेला माल नाही. मग त्यांनी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा काढून दिली. ही आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना लावून दिलेली ठरावीक पॉलिसी आहे, एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्यांसाठी, त्यामुळे कुठल्याही कंपनीकडे मुख्य अटी सारख्याच. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल हे सगळं आत. आमच्या भागात २०२४ च्या २५ जुलैला एकता नगरीत पाणी शिरलेलं सगळ्यांनी बघितलंय त्यामुळे पुराचं वेगळं सांगायला नको. विम्याची रक्कम मालाच्या किमतीपेक्षा थोडी कमी धरली गेली असेल तर १५ टक्क्यांपर्यंत त्यावरून दावा कापत नाहीत, हेही चांगलं. आमचा हप्ता वर्षाला हजाराच्या आसपास आला, चार खोक्यांना आणखी काय लागणार.

पण नीट ऐका. साधी चोरी यात नाही. आग किंवा पूर आला आणि त्यानंतर सात दिवसांत चोरी झाली तरच. नुसतं कुलूप तोडून नेलं तर घरफोडीची पॉलिसी वेगळी. कुरिअरमध्ये हरवलं तर वाहतुकीची वेगळी. आणि पॉलिसीत जो पत्ता लिहिलाय तिथलाच माल, म्हणजे प्रिंटरच्या गोदामातले आपले छापील नग यात नाहीत, ते त्याच्या विम्यात आहेत का हे त्याला विचारायचं. विचारलं. "बघून सांगतो" म्हणाला, अजून बघतोय.

आणि मगाचा कान? तोही यात नाही! ज्या कारणाने मी विमा घ्यायला गेले ते सोडून सगळं मिळालं. त्यासाठी उत्पादन दायित्वाची पॉलिसी असते, तुमच्या वस्तूने कुणाला इजा झाली तर भरपाई आणि वकिलाचा खर्च देणारी. काकांनी आयुष्यात कधी विकलेली नव्हती, पण प्रामाणिकपणे तसं सांगितलं, कंपनीच्या ऑफिसातल्या मुलीला गाठून दिलं. तिने पहिलं विचारलं माल अमेरिकेत जातो का, कारण अमेरिका-कॅनडा धरलं की हप्ता उडी मारतो किंवा कंपनी तो भाग सरळ वगळते. ते साठ टी-शर्ट सारखे आडवे येतात.

अजून एक भ्रम जाऊ दे. झकासवरून किंवा कुणाच्या लोगोवरून नोटीस आली तर विमा देईल असं मला वाटत होतं. मोठ्या व्यावसायिक दायित्वाच्या पॉलिसीत जाहिरातीमुळे झालेल्या नुकसानीचा एक भाग असतो, पण ट्रेडमार्कचं उल्लंघन त्यातून सहसा बाहेर काढलेलं असतं. आमच्यासारख्याला नोटीस येण्याची शक्यता आग लागण्याच्या कितीतरी पट जास्त, आणि नेमकं तेच झाकलेलं नाही. तिथे वकीलबाईंचा दीड हजारांचा तास हाच विमा.

सूक्ष्म उद्यमला पाचपैकी चार, आग-पुराला एवढ्या कमी पैशात दुसरं काही नाही. काकांना चार, अर्धा घराच्या पॉलिसीत बसवायला निघाले म्हणून कापला आणि अर्धा, फोन उचलत नाहीत दुपारी दोन ते चार.

सध्या फॉन्टचं बघतोय. "बालू" ओपन लायसन्सवर आहे, त्यात छापलेलं विकता येतं, पण जुन्या सहा डिझाइनांतला फॉन्ट नवऱ्याने कुठून उतरवला होता ते त्यालाच आठवत नाही, म्हणून ती सहा उतरवलीत. उत्पादन दायित्वाचं कोटेशन मागवलंय, भारतापुरतं एक आणि अमेरिका धरून एक. आलं की आकडे इथेच खाली टाकते.