पल्सरचे दोन्ही टायर बदलून ११ महिने झाले, नागपूरच्या रस्त्यावर कसे चालले ते सांगते

गाडी पल्सर १५०, २०१७ ची, सिंगल डिस्क, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) नाही. भावाची होती, तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि गाडी पोर्चमध्ये उभी राहिली, इकडे माझी स्कूटी दर महिन्याला खर्च काढत होती म्हणून मी ती विकली आणि भावाची गाडी शिकून घेतली. गिअरची गाडी आयुष्यात पहिल्यांदा. राहते मानेवाड्याला, ड्युटी धंतोलीच्या एका हॉस्पिटलमध्ये, रोजचं जाणंयेणं १६ किलोमीटर आणि महिन्यातून दोनदा आईला मागे बसवून उमरेडकडे मामाच्या गावाला. टायर मागच्या वर्षी जूनमध्ये टाकले. आता मे चालू आहे, साडेसात हजार किलोमीटर झाले, एक पूर्ण पावसाळा, एक थंडी आणि आता हे ऊन, म्हणजे तिन्ही ऋतू पाहून लिहिते आहे.

बदलायची वेळ कशी आली ते आधी सांगते, कारण त्यातूनच मला सगळं कळलं. जूनचा पहिला पाऊस, रात्रपाळी संपवून सकाळी घरी येऊन राहिली होती, मेडिकल चौकाच्या जवळ समोरचा ऑटो सवारी घ्यायला एकदम थांबला. मी दोन्ही ब्रेक दाबले. स्पीड फार तर ३०. तर गाडी थांबायच्या ऐवजी पुढचं चाक सिमेंट रोडवर तसंच सरकत गेलं आणि हँडल एकदम हलकं झालं, हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. घाबरून बोटं सैल झाली, ब्रेक सुटला, त्यामुळेच चाक परत फिरायला लागलं आणि मी ऑटोच्या बाजूने निघून गेली. पडली नाही. पण घरी येऊन चहाचा कप धरला तर हात थरथरत होता, आणि मी रोज लोकांना सुई लावणारी बाई आहे.

शेजारच्या काकाजींनी गाडी पाहिली आणि म्हणाले, "मागचा टायर गोटा झाला ना बेटा, तेवढा बदलून घे." भावाला फोन केला तर तोही तेच, "ताई, मागचा टाक फक्त, पुढचा तर नवाच आहे, खाचा पाह्य ना किती आहेत." आणि खरंच, पुढच्या टायरच्या खाचा मस्त खोल दिसत होत्या. पण सरकलं तर पुढचं चाक होतं ना? ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

मग रविवारी दुपारी खाली बसून पुढचा टायर नीट पाहिला. ओल्या फडक्याने बाजू पुसली तर रिमच्या जवळ केसासारख्या बारीक भेगा गोल गोल गेलेल्या, उन्हात वाळलेल्या तळ्याच्या मातीला पडतात तशा. नख रोवून पाहिलं तर खूणही उमटली नाही, प्लॅस्टिकच्या बादलीवर नख मारल्यासारखं. आणि एका बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांच्या पुढे लांबलचक कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे लंबगोल चौकटीत होते, ३५१७. याचा अर्थ २०१७ सालचा ३५ वा आठवडा. म्हणजे गाडीसोबत आलेला टायर, आठ उन्हाळे खाल्लेला, आणि आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे २०१३ च्या मे मध्ये ४७.९ डिग्रीपर्यंत गेलेलं गाव आहे हे. रबरातलं तेल उडून जातं, ऊन आणि हवा लागून ते कडक होतं, मग खाच कितीही खोल असो, ओल्या सिमेंटला ते रबर चिकटतच नाही. भावाने पुढचा ब्रेक कमी वापरला असेल म्हणून तो घासला नाही, घासला नाही म्हणून कोणाला जुना वाटला नाही.

नवीन गाडी शिकणाऱ्यांना मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे, म्हणून इथे थोडं लांबवते. ब्रेक मारला की गाडीचं बरंचसं वजन पुढे येतं, आपणही पुढे ढकलले जातो, म्हणजे थांबवण्याचं जास्तीत जास्त काम पुढचाच टायर करतो. मागचा सरकला तर गाडीचं शेपूट हलतं आणि बरेचदा सावरता येतं. पुढचा सरकला तर सावरायला वेळच मिळत नाही, त्यातून एबीएस नसेल तर चाक लॉक व्हायचं सगळं आपल्या बोटांवर. आणि तरी प्रत्येक जण मागचाच टायर बघतो कारण तोच लवकर घासतो. तुम्ही सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आज खाली जाऊन दोन्ही टायरचे ते चार आकडे वाचा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुकानांचं सांगते. पहिल्या दुकानात मी मागचा १००/९०-१७ (१०० मिलिमीटर रुंद, १७ इंची रिमचा, गाडीचा मूळ साइज) मागितला तर दुकानदार भाऊ म्हणाला १२०/८० टाका, जाड टायर, ग्रिप पण येते आणि गाडी पण दमदार दिसते. मी जवळजवळ हो म्हणणार होती. पण रिम ज्या रुंदीच्या टायरसाठी बनलेली असते त्यापेक्षा जाड टायर चढवला की तो कडेने चिमटल्यासारखा होतो, त्याची गोलाई बदलते, वळताना गाडी वेगळी वागते, वर चेन कव्हर आणि मडगार्डला घासायची भीती आणि अॅव्हरेज कमी. मी आधीच गाडी शिकून राहिली आहे, मला अजून एक वेगळी गाडी शिकायची नव्हती. मग त्याने साइजचा काढला तर त्याच्यावर तारीख पावणेदोन वर्षांपूर्वीची. मी विचारलं तर म्हणे, "पॅक होता मॅडम, रबर आहे, दूध थोडी आहे." नीट सावलीत ठेवलेला टायर तेवढ्यात खराब होत नाही हे खरं आहे, पण त्याचे टायर दुकानाच्या बाहेर उन्हात एकावर एक रचलेले होते आणि पैसे तर नव्याचेच मागत होता. निघून आली.

दुसऱ्या दुकानात म्हातारे काका होते, त्यांनी मला स्टूल दिला आणि विचारलं, गाडी कोण चालवते, कुठे चालवते, मागे कोण बसतं. बस, इथेच मी घ्यायचं ठरवलं. मागचा १००/९०-१७, ५५पी, पुढचा ८०/१००-१७, ४६पी, दोन्ही ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, दोन्ही चार महिन्यांच्या आतले. ५५ म्हणजे तो टायर २१८ किलो उचलतो, ४६ म्हणजे १७०, आणि पी म्हणजे ताशी १५० पर्यंतचा, जो आपल्याला कधीच लागत नाही. साइजमध्ये आर नाही म्हणजे रेडियल नाही, साधा नायलॉनचा, या गाडीला तोच येतो. दोन्ही टायर, दोन नवीन वॉल्व, फिटिंग, बॅलन्सिंग धरून ४,३५० रुपये गेले. तुम्हाला आता स्वस्त पडेल, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झाला, माझं तीन महिन्यांनी हुकलं.

कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, रागावू नका. एकाच नावाचा टायर वेगळ्या साइजमध्ये वेगळ्या पॅटर्नचा असतो, तुमच्याकडे १८ इंची रिमची गाडी असेल किंवा यामाहाची एफझी असेल, जिला मागे १४०/६० रेडियल लागतो, तर माझ्या टायरचं नाव तुमच्या काही कामाचं नाही. एवढं सांगते की मोठ्या चार-पाच कंपन्यांपैकीच घेतला, आणि नागपूरकरांना अभिमान वाटेल अशी गोष्ट म्हणजे सिएटचा टू-व्हीलर टायरचा कारखाना आपल्या बुटीबोरीला आहे, काकांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

फिटिंगच्या वेळी तिथेच उभी राहिली. टायरच्या बाजूला बाण असतो, चाक फिरायची दिशा, तो बघून घेतला. पिवळा ठिपका असतो तो वॉल्वच्या समोर आणला, ती टायरची हलकी बाजू असते. हवा भरताना टायर रिमवर बसला तेव्हा फाट फाट असे दोन आवाज आले, मी दचकली, काका म्हणाले, "बसला आता." आणि निघताना दोनदा सांगितलं की पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळू, वळताना झुकवू नको, नव्या टायरवर साच्याची चकाकी असते. खरं आहे ते, पहिल्या दिवशी हात फिरवला तर गुळगुळीत लागत होता, पंधरा दिवसांनी तोच हात खरखरीत लागला. पावसाळा सुरू होता म्हणून मी दोनशे किलोमीटर जपून चालवली.

पावसाळा. पहिल्यांदा भर पावसात त्याच मेडिकल चौकात ब्रेक मारला, आधीच हळू होती, गाडी जिथे पाहिजे तिथे थांबली. जुलैच्या झडीत आठ दिवस रोज ओले रस्ते होते, सिमेंट रोडवर, डांबरावर, दोन्हीकडे भरवसा वाटला. पण तीन जागा अशा आहेत जिथे कोणताच टायर मदत करत नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, आणि आपल्याकडे सिमेंट रोड संपून गट्टू (कडेला बसवलेले सिमेंटचे ब्लॉक) सुरू होतात तिथला उंचसखल काठ. या काठावर तिरपं जाऊ नका. एक तर रोडवरच राहा, नाहीतर स्पीड कमी करून शक्य तितकं काटकोनात ओलांडा, तिरपं गेलं की चाक काठाला लागून सरकतं आणि ते नव्या टायरनेही सरकलं, सप्टेंबरमध्ये मानेवाडा रोडवर, थोडक्यात.

हवा. हे मी अकरा महिन्यांत सगळ्यात मनापासून शिकली. माझ्या गाडीला पुढे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे एकटं असलं तर २८, आई मागे बसली तर ३२. पंपावरचे भाऊ विचारत नाहीत, सरळ दोन्हीत ३५ भरून देतात, आणि एका पंपाचं मीटर तर माझ्या मीटरपेक्षा ४ ने वेगळं निघालं. चारशे रुपयांचं छोटं मीटर घेतलं, दर रविवारी सकाळी गाडी काढायच्या आधी बघते, टायर थंड असतानाच. हवा जास्त असली की टायर फुगून मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो, पकड कमी आणि घासतोही मधूनच, मागचा जुना टायर तसाच मधून सपाट झाला होता. उलट चूक उन्हाळ्यात होते. आता मे मध्ये दुपारी मोजलं तर आकडा वाढलेला दिसतो, दहा डिग्रीला साधारण दीड पीएसआय, आणि लोक म्हणतात फुटेल, काढून टाक हवा. काढू नका. सकाळच्या थंड टायरचा आकडा बरोबर असेल तर तो वाढणं धरूनच टायर बनवलेला असतो, हवा कमी असलेला टायर उलट जास्त वाकतो आणि जास्त तापतो. डिसेंबरमध्ये याच्या उलटं, मी काही न करता पुढचा २५ चा २३ झाला होता.

पंक्चर एकदाच झालं, उमरेड रोडवर, कोळशाचे ट्रक चालतात त्या रोडवर काय काय पडलेलं असतं. मामाकडे पोचली तेव्हा आईला खिळ्याचं डोकं दिसलं. मामा पक्कड घेऊन आला, मी त्याला काढू दिला नाही. मागच्यात २४ हवा होती, सायकलच्या पंपाने ३२ केली आणि मधे एकदा थांबून मोजत तसंच पन्नासेक किलोमीटर घरी आलो, ट्यूब असती तर तिथेच बसलो असतो. पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी टाकल्यावर खिळ्याभोवती मोहरीएवढे बुडबुडे हळूहळू फुगताना दिसले. त्याने बाहेरून भोकात रबराची दोरी घातली, मी आठवड्याने काकांकडे जाऊन आतून पॅच करून घेतला. आईला मागे बसवते, तिथे मी तडजोड करत नाही.

न आवडलेलं पण लिहिते. सिमेंट रोडवर ५० च्या वर गेलं की गुणगुण आवाज येतो, जुन्याला नव्हता. अॅव्हरेज ४८ चा ४६ झाला. गावाकडच्या मुरमाच्या रस्त्यावर मागचा चिखलात फिरत राहतो, पॅटर्न त्याच्यासाठी नाहीच. आणि पंक्चरच्या वेळी चाक काढलं तेव्हा बॅलन्ससाठी रिमला लावलेलं शिशाचं छोटं वजन पडलं असावं, ६० च्या पुढे सीटखाली थरथर यायची, परत बॅलन्स केल्यावर गेली.

झीज बघायला खाचेच्या आत बारीक उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं त्याच्या सरळ रेषेत, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. माझ्या मागच्याची मधली खाच नवी होती तेव्हा ७ मिलिमीटर मोजली होती, आता ५ आहे. पुढची अर्धा मिलिमीटरही कमी झाली नाही, म्हणजे हाही घासून नाही तर वयानेच संपणार, म्हणून त्याचा आठवडा आणि वर्ष मी आरसीच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवलं आहे.

आणि एक राहिलं. जुने टायर काढले तेव्हा दुकानातला मुलगा पुढचा बाजूला ठेवत म्हणाला, हा चालून जाईल कोणाला तरी, शंभर रुपये कमी करतो. खाचा तर चांगल्याच दिसत होत्या, कोणीतरी गरजू माणूस दोनशे-तीनशेला घेऊन गेला असता आणि आपल्या लेकरांना मागे बसवून त्याच पावसात निघाला असता. मी शंभर रुपये नको म्हटलं आणि टायर घरी आणला, काकाजींकडून हेक्सा ब्लेड घेऊन दोन जागी बाजू कापली. पाऊण तास लागला, रबर इतकं कडक होतं.