बागेच्या नुकसानीची फिर्याद : तालुक्यातील एका वकिलांच्या सेवेविषयी

गेल्या जानेवारीत, झाडे मोहोरलेली असताना, लगतच्या जमीनमालकाने वाट काढण्यासाठी जेसीबी लावून रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या बागेचा चिऱ्याचा गडगा (जांभ्या दगडाची कुंपणभिंत) पाडला आणि त्यालगतची हापूसची सहा झाडे उपटून टाकली. ही झाडे वडिलांनी कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरून आणलेली माती भरून वाढवली होती. त्याच दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा नुकसान अंदाजे पंधरा हजार असे लिहून अदखलपात्र नोंद झाली आणि 'हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा' असे सांगून मला नोंदीची प्रत देण्यात आली.

वकिलांनी ती प्रत वाचून प्रथम त्या पंधरा हजारांवरच बोट ठेवले. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 324मध्ये आगळिकीची (दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान करण्याची) शिक्षा नुकसानीच्या रकमेप्रमाणे वाढते : सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत, वीस हजार ते एक लाखाच्या आत असल्यास दोन वर्षांपर्यंत, आणि एक लाख किंवा त्याहून अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. शेवटच्या प्रकारात गुन्हा दखलपात्र ठरतो. एरवी अदखलपात्र नोंदीवर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. हे मला ठाण्यात कोणीही सांगितले नव्हते, याचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बागेत आले. पडलेल्या चिऱ्यांवर बकेटच्या दातांचे पांढरट ओरखडे होते. प्रत्येकाशेजारी टेप धरून त्यांनी फोटो काढून घेतले आणि पंचनामा होईपर्यंत एकही चिरा हलवू नका, असे बजावले. सातबाऱ्यावरील झाडांची नोंद, झाडांचे मूल्यांकन आणि गवंड्याचा अंदाज जोडल्यावर नुकसान दोन लाखांवर गेले. गडगा आपल्याच हद्दीत असल्याचे समोरच्याने प्रामाणिकपणे मानले, असा बचाव टिकला तर फौजदारी खटला उभाच राहत नाही, म्हणून जुन्या मोजणीची 'क' प्रतही (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा) त्यांनी आधीच मागवून ठेवली. त्यानंतर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार गेली आणि तीन आठवड्यांत गुन्हा नोंद झाला.

गडग्याचे तंटे गावकीच्या बैठकीत मिटवण्याची आपल्याकडची रीत मला मान्य आहे. वकिलांनीही आधी तीच वाट सुचवली होती. परंतु समोरचा माणूस दोनदा बोलावूनही बैठकीला आला नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. पुढील टप्प्यांचा खर्च त्यांनी लेखी दिला नाही, तारखेची चौकशी करायला फोन केला की कारकून 'उद्या बघून सांगतो' म्हणतात, आणि गडगा पुन्हा बांधण्याच्या खर्चासाठी वेगळा दिवाणी दावा लागू शकतो, हे मला दोन महिन्यांनी कळले. तरीही कागद गोळा करण्याबाबत इतका काटेकोर माणूस मी तालुक्यात पाहिलेला नाही. त्यांच्याकडे जाणार असाल, तर सातबारा आणि मोजणीची प्रत पहिल्याच भेटीला सोबत न्या.